चौथे ऋण

मुळशी तालुक्याला दोन टोकं आहेत. पूर्वेला हिंजवडी, माण आणि मारुंजी. तिथं आयटी पार्क, वीस-वीस मजली इमारती आणि संध्याकाळी जागची न हलणारी गाड्यांची रांग. पश्चिमेला धरणाचं पाणी, ताम्हिणीचा घाट आणि पावसाळाभर धुक्यात गडप होणाऱ्या वाड्या-वस्त्या. या दोन टोकांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. पण एका बाबतीत दोन्हीकडे सारखंच दिसतं. घरात तान्हं मूल असतं आणि बाप घरी नसतो.

घाटाकडच्या गावांना यात नवल वाटणार नाही. मुंबईचे डबेवाले मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव या पट्ट्यातले. १८९० च्या सुमाराला हा व्यवसाय सुरू झाला. तेव्हापासून इथले पुरुष दुसऱ्यांच्या घरचं गरम जेवण दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत पोचवत आले आणि त्यांतल्या कित्येकांच्या बायका गावाकडे बाळंत होत आल्या. बाळंतिणीला वेळेवर घास मिळतोय की नाही, हे कळायला पत्र यावं लागे. गिरणीत, गोदीत, माथाडी कामात गेलेल्यांची कथा वेगळी नव्हती. कातकरी वाड्यांतली माणसं दिवाळीनंतर कोळसा पाडायला, वीटभट्टीवर जातात. हिंजवडीकडे कारणं बदलली एवढंच. नवरा परदेशात ‘ऑनसाइट’ असतो, रात्रपाळीला असतो, नाहीतर बंगळुरूला बदली होऊन गेलेला असतो.

त्यातच बाळंतीण आजारी पडते. पहिल्या सहा आठवड्यांत, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, छातीत दूध साकळून ताप येणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. एका बाजूला दगडासारखी गाठ लागते, त्यावरची कातडी लाल आणि गरम होते. दुपारी नुसती कणकण वाटत असते, रात्री दातावर दात वाजायला लागतात. बाळाला त्या बाजूला घेतलं की डोळ्यांत पाणी येतं. आणि नेमकं त्याच बाजूनं पाजत राहणं हा पहिला उपाय असतो, कारण दूध मोकळं झालं नाही तर गाठ वाढते आणि पुढं पू धरतो. एका दिवसात उतार पडला नाही, तर डॉक्टरकडे जाऊन औषध घ्यावं लागतं. तापात पाजलं तर बाळाला बाधतं, हा समज मुळशीत काय आणि मुंबईत काय, सगळीकडे आहे. बहुतेक साध्या आजारांत तो खोटा ठरतो. आईच्या शरीरानं त्या आजाराविरुद्ध तयार केलेली प्रतिकारद्रव्यं दुधातूनच बाळाला मिळतात. कोरोनाच्या काळातही जागतिक आरोग्य संघटनेनं बाधित आईला मास्क लावून, हात धुऊन पाजत राहायला सांगितलं होतं.

वैद्यक एवढं सांगतं. पण पहाटे तीन वाजता थंडी वाजत असताना रडणारं मूल उचलायचं कोणी, याचं उत्तर वैद्यकाकडे नाही. तो धर्माचा प्रश्न आहे. इथं धर्म म्हणजे देवळात जाणं नव्हे. कोणाचं कोणाला काय देणं लागतं, याचा हिशेब.

आपल्या परंपरेनं हा हिशेब फार जुन्या काळी मांडून ठेवला आहे. तैत्तिरीय संहिता सांगते, की माणूस जन्मतो तो तीन ऋणं डोक्यावर घेऊन. ऋषींचं ऋण अध्ययनानं, देवांचं यज्ञानं आणि पितरांचं संततीनं फेडायचं. यातलं तिसरं कलम नीट पाहावं. मूल झालं की बापाचं पितृऋण फिटतं. ज्या बाईनं ते मूल नऊ महिने वाहिलं, जन्माला घातलं आणि आता तापानं फणफणत पाजते आहे, तिचं नाव या खात्यावर कुठंच नाही. देणं फिटलं ते तिच्या श्रमावर, पावती निघाली पितरांच्या नावानं!

मुलानं आईचं ऋण मानावं, हे मात्र सगळे सांगतात. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेलं ‘मातृपंचक’ प्रसूतीच्या वेणांचं आणि वर्षभर मळलेल्या अंथरुणावर झोपण्याचं दुःख आठवतं. संन्यासी असूनही त्यांनी आईला अग्नी दिला, अशी कथा आहे. पण ही फेड मुलानं करायची, म्हणजे पाच-पन्नास वर्षांनी. आज रात्रीचं काय? नवऱ्याचं बाळंतिणीला काही देणं लागतं की नाही, यावर ग्रंथ चमत्कारिक मौन पाळतात.

मनुस्मृती तर एके ठिकाणी बापाला अगदीच स्वस्तात सोडते. पाचव्या अध्यायातला बासष्टावा श्लोक म्हणतो, की जननाचं सूतक आईलाच. बाप आंघोळ केली की शुद्ध. आईला दहा दिवस, बापाला एक तांब्या पाणी. आता अशौच म्हणजे काय आणि ते कशासाठी, यावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं आहे. परिणाम मात्र सरळ होता. बाप न्हाऊन ओटीवर मोकळा आणि बाळंतीण अंधाऱ्या खोलीत.

गंमत अशी, की याच परंपरेत अगदी उलट्या दिशेनं जाणारा एक नियम आहे. तो आज फारसा कोणाच्या लक्षात नाही. आजारी माणसाला शुद्धीसाठी स्नान करणं प्राप्त झालं आणि पाणी सोसणार नसेल तर काय करायचं? पराशरस्मृती म्हणते, धडधाकट माणसानं आंघोळ करून आजाऱ्याला स्पर्श करावा. पुन्हा आंघोळ, पुन्हा स्पर्श. असं दहा वेळा करावं, म्हणजे आजारी माणूस शुद्ध होतो. याला आतुरस्नान म्हणतात. तापलेल्या रजस्वलेसाठीही असाच विधी सांगितलेला आहे. शुद्धाशुद्धीवर विश्वास असो वा नसो, या नियमामागचा विचार थक्क करणारा आहे. आजाऱ्याचं कर्तव्य दुसऱ्याच्या अंगानं पार पाडता येतं. ज्याच्या अंगात बळ आहे त्यानं दहादा गारठायचं आणि ज्याच्या अंगात नाही त्यानं पडून राहायचं. विटाळाच्या शास्त्रात हे सापडावं, हे विशेष.

वैद्यकाच्या ग्रंथांनी तर बाळंतिणीला एकटं ठेवणं कधी गृहीतच धरलं नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय सूतिकागाराचं वर्णन करतो. त्यात लाकूड कोणतं, जागा कशी, हे आहेच. पण भर माणसांवर आहे. तिच्याजवळ अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कामाला चपळ, खचून न जाणाऱ्या बायका असाव्यात. प्रसूतीनंतर दहा-बारा दिवस या बायकांनी आणि सुहृदांनी तिच्यासोबत रात्री जागाव्यात; गाणी, वाद्यं, खाणंपिणं चालू असावं आणि घर माणसांनी भरलेलं असावं.

मुळशीच्या गावांत हे संस्कृत कोणी वाचलं नव्हतं. तिथं पाचवी होती. पाचव्या किंवा सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. त्या रात्री बायका जागतात, दिवा विझू देत नाहीत. अंधश्रद्धा म्हणून हे मोडीत काढणं सोपं आहे. पण नाळेच्या जखमेतून होणारा नवजात बाळाचा धनुर्वात साधारण याच दिवसांत, पहिल्या आठवड्याच्या आगेमागे उठायचा. बाळंतज्वरही पहिल्या दहा दिवसांतच गाठायचा. सर्वांत धोक्याच्या रात्री घरात चार जाणत्या बायका डोळे उघडे ठेवून बसलेल्या असत. रोगाचं नाव त्यांना चुकीचं माहीत होतं, वेळ बरोबर माहीत होती. माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून आटोक्यात आल्याचं शिक्कामोर्तब २०१५ मध्ये झालं. लस, स्वच्छ ब्लेड आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांचं ते यश. रात्र जागणाऱ्या बायका मात्र त्याच सुमाराला घरातून नाहीशा झाल्या. आता हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये पाचवी झालीच तर व्हिडिओ कॉलवर होते. पाटा-वरवंटा ऑनलाइन मागवता येतो, मावशी-आत्या मागवता येत नाहीत.

पण खरी अडचण विधींत नाही, आदर्शांत आहे. मराठी माणसाचे आध्यात्मिक नायक बहुतेक संसारी. तरीही त्यांच्या कथांत घरातली बायको किंवा तान्हं मूल पुन्हा पुन्हा आडवं येतं.

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत घर सोडून काशीला गेले आणि संन्यासी झाले. मागे आळंदीत पत्नी रुक्मिणी. पुढं गुरूंना कळलं, की बायको मागे ठेवून हा आला आहे. त्यांनी शिष्याला परत पाठवलं. संन्यास घ्यायचा तर पत्नीची संमती हवी, हा नियम होता. विठ्ठलपंतांनी तो डावलला होता. या निवाड्याची किंमत पुढं चार मुलांनी भोगली. संन्याशाची पोरं म्हणून गावानं त्यांना वाळीत टाकलं. तरी निवाडा देणाऱ्या गुरूचं म्हणणं चुकीचं होतं, असं वारकऱ्यांनी कधी म्हटलं नाही. जाणाऱ्यानं विचारून जायला हवं होतं.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा याहून भयंकर. बायको रांगतं मूल अंगणात सोडून, नवऱ्याला लक्ष ठेवायला सांगून पाण्याला गेली. गोरोबा चिखल तुडवत होते आणि नामात रंगले होते. मूल चिखलात आलं आणि पायाखाली गेलं. कीर्तनकार ही कथा भक्तीची तल्लीनता म्हणून रंगवतात. पुढं विठ्ठल मूल परत देतो, त्यामुळे श्रोत्यांचा जीव भांड्यात पडतो. पण पाणी घेऊन परतलेल्या बाईच्या बाजूनं ती एकदा ऐकून पाहावी. जाताना तिनं मूल नवऱ्याच्या स्वाधीन केलं होतं. तो घरात होता, दोन पावलांवर होता आणि तरी नव्हता. कथेनं तिचा आक्रोश झाकला नाही, तिचा विठ्ठलावरचा रागही झाकला नाही. याचं श्रेय परंपरेला दिलंच पाहिजे. कानांत हेडफोन घालून ‘कॉलवर’ असलेला बाप आणि पलीकडच्या खोलीत तापलेली बाई, ही जोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना गोरोबांचं अंगण ओळखीचं वाटेल. वर्क फ्रॉम होम म्हणजे घरी असणं नव्हे.

तुकोबा १६५० मध्ये गेले तेव्हा त्यांची पत्नी जिजाई गरोदर होती, असं परंपरा सांगते. वैकुंठगमनाच्या सोहळ्यावर हजारो कीर्तनं झाली. त्यानंतरच्या बाळंतपणावर एकही नाही. तेव्हा जन्मलेल्या नारायणानंच पुढं १६८५ मध्ये पालखी सुरू केली. आज लाखोंचा जो समुदाय देहूहून निघतो, त्याचं मूळ बापाच्या पश्चात वाढलेल्या या मुलात आहे. जिजाईला कजाग म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

संत बहिणाबाईचं उदाहरण मात्र इतरांपेक्षा निराळं आहे, कारण ते तिनं स्वतः सांगितलं आहे. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या या बाईचं लग्न लहानपणीच तिशीच्या बिजवराशी झालं. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनातून तिला तुकोबांचा ध्यास लागला, स्वप्नात गुरूपदेश झाला. वेदशास्त्र जाणणाऱ्या नवऱ्याला बायकोनं शूद्र गुरू करणं खपलं नाही. त्यानं मारहाण केली. लोक तिला पाहायला यायला लागल्यावर त्याचा मानभंग झाला. शेवटी त्यानं ठरवलं, की गरोदर बायकोला आईबापांकडे टाकून आपण निघून जायचं. जायच्या वेळीच तो तापानं अंथरुणाला खिळला. तिनं गरोदरपणात त्याच्या उशाशी बसून त्याची सेवा केली. तो बरा झाला, निवळला आणि दोघं देहूला आली. तिथं मुलगी झाली, तिचं नाव काशी.

या आत्मचरित्रपर अभंगांचं मोल भक्तीच्या अभ्यासकांनी जाणलं आहे. पण त्यांतला एक प्रसंग नीट तोलला जात नाही. नवरा आजारी पडला तेव्हा त्याला सोडून जाणं तिच्या मनातही आलं नाही. ती गरोदर असताना तिला सोडून जाणं त्याच्या मनात सहज आलं होतं. दोघांचाही धर्म एकच, शास्त्रं तीच. आजाऱ्याची शुश्रूषा पत्नीसाठी पातिव्रत्य होती आणि पतीसाठी सोय. बहिणाबाईनं यावर बंड पुकारलं नाही. तिनं जे घडलं ते लिहून ठेवलं आणि तेवढंही तिच्या काळात फार होतं.

हे चित्र फक्त देवाधर्मापुरतं नाही. देशकार्याला गेलेल्यांच्या घरीही तेच. मुळशीचं नाव देशभर गाजलं ते सेनापती बापटांमुळे. टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा सत्याग्रह १९२१ च्या रामनवमीला सुरू झाला. बापट त्याचे सेनापती झाले आणि पुढं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. त्यांना १९१४ मध्ये मुलगा झाला. त्याच्या बारशाला त्यांनी पहिली पंगत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची बसवली, ही त्यांच्या चरित्रातली सुंदर गोष्ट. १९२० मध्ये त्यांची पत्नी वारली आणि लगेच दुसऱ्या वर्षी मुळशी. सहा-सात वर्षांच्या त्या मुलाला कोणी सांभाळलं, जेवू कोणी घातलं, हे धरणाच्या लढ्याच्या गोष्टीत कोणी विचारत नाही. ज्यांनी सांभाळलं तेही मुळशी सत्याग्रहाचे सत्याग्रहीच नव्हेत काय?

मागे राहिलेल्या बायकोच्या ऋणाची नोंद चारचौघांत, छापून, नवऱ्यानंच केल्याचं एक ठळक उदाहरण महाराष्ट्रात आहे. भीमराव आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले तेव्हा वडील रामजी जाऊन काही महिनेच झाले होते आणि मुलगा यशवंत सात महिन्यांचा होता. मागे परळच्या चाळीत पत्नी रमाबाई. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. या दोघांना पाच मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. रमाबाईंची प्रकृती ढासळत गेली आणि २७ मे १९३५ ला त्या वारल्या.

३ फेब्रुवारी १९२८ च्या आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्राच्या अंकात बाबासाहेबांनी वाचकांपुढं हिशेब मांडला. पत्राला मदत मिळत नव्हती. चळवळीचं हे देणं समाजाला देणं वाटत नाही काय, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल विचारताना त्यांनी घरची गोष्ट उघड केली. आपण परदेशात असताना रात्रंदिवस प्रपंचाची काळजी वाहणाऱ्या आणि शेणीचे भारे डोक्यावरून वाहायला मागेपुढे न पाहणाऱ्या बायकोला आपल्याला दिवसाचा अर्धा तासही देता येत नाही, ही कबुली त्यात आहे. त्या काळच्या किती पुढाऱ्यांनी असं लिहिलं? ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ त्यांनी रमाबाईंच्याच स्मृतीला अर्पण केलं.

पण याहून खोल उत्तर त्यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात दिलं. पाली निदानकथेत सिद्धार्थ मध्यरात्री घर सोडतो. राहुल नुकताच जन्मलेला असतो. यशोधरा बाळाच्या मस्तकावर हात ठेवून झोपलेली असते. तो हात बाजूला करून बाळाला उचललं तर ती जागी होईल, म्हणून सिद्धार्थ उंबऱ्यावरूनच परत फिरतो. जगातल्या सगळ्या सोडून गेलेल्या बापांचं हे आद्य चित्र म्हणावं लागेल. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये आंबेडकरांनी ही रात्र काढून टाकली. त्यांचा सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटणाऱ्या युद्धाला विरोध करतो आणि त्यापायी परिव्रज्या पत्करतो. निघण्याआधी तो यशोधरेला जाऊन सांगतो. ती त्याच्या निर्णयाला संमती देते. राहुल सांभाळायचा नसता तर आपणही बरोबर आलो असतो, असं बजावते. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. विद्वानांनी या बदलाची चर्चा इतिहासाच्या अंगानं केली. परळच्या चाळीतलं सात महिन्यांचं मूल लक्षात ठेवून ते प्रकरण वाचलं, तर दुसरीही एक बाजू दिसते. अडीच हजार वर्षांच्या कथेतली झोपलेली बाई एका मराठी माणसानं जागी केली आणि तिला विचारलं.

बुद्धांचाच दुसरा एक प्रसंग विनयपिटकातल्या महावग्गात आहे. एक भिक्खू हगवणीनं आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेला. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. बुद्ध आणि आनंद त्याला धुतात, उचलून पलंगावर ठेवतात. मग संघाला सांगतात, की तुम्हाला इथं आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. घर सोडून आलेल्यांच्या वस्तीला दिलेला हा नियम आहे. मारुंजीच्या एखाद्या सोसायटीत पाचशे कुटुंबं राहतात आणि त्यांतली बहुतेक आईबाप मागे ठेवून आलेली असतात. नियम त्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो.

आणि इथंच ऋणांचा हिशेब पुन्हा उघडावा लागतो. शतपथ ब्राह्मणानं तीनवर न थांबता चौथं ऋण सांगितलं आहे, ते माणसांचं. ते फेडण्याची रीत साधी. माणसांना आसरा द्यायचा आणि जेवू घालायचं. नातं, जात, उपकार, काही अट नाही. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं महाराचं पोर उचलून घरी पोचवणारे एकनाथ हेच ऋण फेडत होते. तीन ऋणं पाठ असणाऱ्या समाजाला चौथं आठवत नाही, याचं कारण उघड आहे. पहिली तीन फेडली की पुण्य मिळतं. चौथं फेडताना हात खराब होतात.

कायद्यानं यातलं काही उचललं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. बाळंतपणामुळे आजारपण आलं, तर आणखी एक महिना मागता येतो. ही महिन्याची तरतूद मूळ १९६१ च्या कायद्यातच होती, पण फार थोड्या जणींना माहीत असते. बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस आहेत. खासगी नोकरीतल्या बापाला रजा द्यायची की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व रजेचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. मुंबईचे डबेवाले दरवर्षी गावच्या जत्रेसाठी चार-सहा दिवस सगळे मिळून सुट्टी घेतात, मुंबई त्या दिवसांत आपापली सोय करते आणि कोणी तक्रार करत नाही. देवासाठी शहर थांबतं. बाळंतिणीसाठी एक माणूस थांबवता येत नसेल, तर अडचण कामाच्या निकडीची नाही, श्रद्धेची आहे.

गावाकडच्या बाजूला एक माणूस मात्र दारात येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो छापला. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, बाळाचा ताप आणि आईचाही ताप. पाचवीच्या रात्री जागणाऱ्या बायकांची जागा सरकारी वहीत कोणी घेतली असेल, तर ती या आशाताईनं. तिचं मानधन किती आणि ते कधी हाती पडतं, हा वेगळा आणि लाजिरवाणा विषय आहे. उंच इमारतींच्या फाटकात मात्र तिलाही रखवालदार अडवतो.

तेव्हा हे वाचणाऱ्यांना सरळ विनंती. तुमच्या मजल्यावर, आळीत किंवा वाडीत कोणी बाळंतीण असेल आणि तिचा नवरा गावाला गेलेला असेल, तर बोलावण्याची वाट पाहू नका. दार वाजवा. डबा न्या, बाळाला तासभर घ्या, तिला झोपू द्या. तिचं अंग तापलं असेल तर थर्मामीटर लावा. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला असेल, रक्तस्राव फार होत असेल किंवा त्याला दुर्गंधी येत असेल, एकच पाय सुजून दुखत असेल, दम लागत असेल, बाळ पीत नसेल किंवा गार पडलं असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. ती रडत असेल, चार-चार रात्री झोपली नसेल, भलतंसलतं बोलत असेल, तरीही डॉक्टरच, देवऋषी नव्हे. आणि तुम्हीच तो गावाला निघालेला नवरा असाल, तर निघण्याआधी तिला विचारा आणि कोणाच्या भरवशावर जाताय त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर तिच्या हातात देऊन मगच उंबरा ओलांडा.